चौदावा डाव अजून बाकी आहे

दादा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. वजनकाट्यावरचे तुझे सोबती बोलले, विहारातले काका बोलले, ज्या माणसाशी तू दोन वर्षं अबोला धरून बसला होतास तोही उठून तुझ्या मनमिळाऊ स्वभावावर बोलला. मग माइक माझ्याकडे आला. बहीण आहे, शाळेत शिकवते, बोलेल चांगलं, असं लोकांना वाटलं असणार. मी माइक धरून उभी राहिले आणि डोक्यात एकच वाक्य आलं. माझा भाऊ चौदाव्या डावात बॅट घेऊन उभा आहे, त्याचं काय करायचं ते कोणी तरी सांगा. हे काही मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. मी माइक परत दिला. लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरलं नाही. खरं तर मला रडू आलंच नव्हतं. ते अजून पुरतं आलेलं नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढते आहे.

म्हणून आज तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीवर बसून लिहिते. समोर आपला तो जुना कंप्युटर आहे. त्याच्या पोटात आपली बेसबॉलची मॅच अडकून पडली आहे, बरोबरीत, चौदाव्या डावात. वणीचा तो दुरुस्तीवाला मागच्याच महिन्यात सांगून गेला होता की हार्डडिस्क आता कण्हायला लागली आहे, कोणत्या दिवशी बसेल सांगता येत नाही. म्हणजे मी मॅच पुरी केली तर ती संपेल, आणि नाही केली तर एक दिवस डबा बंद पडेल आणि तरी संपेल. तुला कळतंय ना मी कुठं अडकले आहे? ती मॅच संपली नाही तोवर तू तिथं उभा आहेस.

हा डबा घरी आला तेव्हा मी आठवीत होते आणि तू दहावीत. बाबांच्या खाणीतले एक साहेब बदली होऊन चालले होते, सामान कमी करता करता त्यांनी तो बाबांना देऊन टाकला. बाबांनी मॉनिटर मायच्या गोधडीत गुंडाळून आणला होता. कॉलनीतली निम्मी माणसं पाहायला आली, कोणी कुंकवाचं बोट लावू का विचारलं, बाबा म्हणाले, आपल्यात नाही लावत, हात लावून पाहा फक्त. त्यात एक टायपिंग शिकायचा धडा होता, साहेबांचं एक अर्धवट पत्र होतं, आणि हा खेळ होता. साहेबांच्या पोराचा असावा. ना पुस्तक, ना कोणी सांगणारं. राजूरमध्ये बेसबॉल कोण सांगणार होतं आपल्याला?

आपल्याला वाटलं हे क्रिकेटच आहे, कोणी तरी बिघडवलेलं. तू दोन दिवस स्टंप शोधत होतास. हिरवंगार मैदान, वरून पाहिल्यासारखं, आणि त्यात माणसं म्हणजे नुसते पांढरे ठिपके. बॅट आपण फिरवायची नाही, आपण फक्त हुकूम द्यायचा. मार, थांब, पळ. मग तीन टिंबं एकामागून एक उमटायची, तेवढा वेळ श्वास धरायचा, आणि स्पीकरमधून टक्क असा आवाज यायचा. पुढचं सगळं त्या माणसाच्या नावापुढचे आकडे ठरवायचे. गर्दीचा आवाज म्हणून एक खरखर होती, ती आनंदाला पण तीच आणि दुःखाला पण तीच. आजही कुठं रेडिओ खरखरला की माझं बोट आपोआप एंटर दाबायला जातं.

धावणारा माणूस जिथं जिथं थांबतो त्याला तू ठेसन म्हणायला लागलास. पहिलं ठेसन वणी, दुसरं यवतमाळ, तिसरं नागपूर. आणि जिथून निघायचं आणि जिथं परत यायचं ते राजूर. तीन ठेसनं फिरून माणूस घरी परतला की एक रन. मायला नियम कधीच कळले नाहीत, तिनं कळून घेतलेही नाहीत. पण स्वयंपाकघरातून तिचा एकच प्रश्न यायचा, कोण आलं घरी? आपण नाव सांगायचो, ती बरं म्हणायची आणि पुन्हा भाकरीला लागायची.

नावंही आपलीच होती. मूळच्या खेळाडूंची नावं पुसून तू आपल्या लोकांची घातलीस. बाबा चेंडू टाकायला, कारण बाबांचा खांदा मजबूत होता. माय, तू, मी. शेजारचे, मागच्या गल्लीतले, सायकल दुरुस्तीवाले काका. ज्योती वहिनी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तू तिला संघात घेतलंस आणि काकांना बसवलं. वहिनीला हे कळलं तेव्हा तिनं विचारलं होतं की मला काय करावं लागेल. तू म्हणालास, काही नाही, उजवीकडं उभी राह्यजो.

पहिल्या उन्हाळ्यात आपण कितीतरी मॅच बरोबरीत सोडवल्या. नऊ डाव झाले, आपले आणि कंप्युटरच्या संघाचे रन सारखे, की आपण एकमेकांशी हात मिळवून डबा बंद करायचो. क्रिकेटमध्ये बरोबरी असते, इथंही असणार. एका दुपारी अशीच मॅच बरोबरीत सुटली आणि नळ आला म्हणून आपण पाण्याचे गुंड घेऊन पळालो. खाणीची धूळ तेव्हा सगळीकडे बसायची. माय रोज ओलं फडकं फिरवायची, त्या दिवशी ते कीबोर्डवरून फिरलं आणि कुठलंसं बटण दाबलं गेलं. परत आलो तर पडद्यावर दहावा डाव सुरू. तू गुंड दारातच ठेवलास. पडद्याला नाक लावून पाहिलंस आणि म्हणालास, "सुजे, हे लोक बरोबरी मानतच नाही. कोणी घरी येईपर्यंत खेळत राह्यतात." आधीच्या सगळ्या बरोबऱ्या आपण घाईनं उठलो म्हणून झाल्या होत्या. तुला त्याचं इतकं वाईट वाटलं की तू संध्याकाळी जेवला नाहीस. खेळासाठी उपाशी राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मग आपलं ते भांडण. आयुष्यभराचं.

हुकुमांच्या यादीत खाली एक होता, बंट. त्याचा अर्थ तू महिनाभर करून करून शोधलास. चेंडू जोरानं मारायचा नाही, नुसता बॅटला टेकवून जवळच पाडायचा. ते लोक चेंडू उचलून आपल्या बॅटरला आऊट करतात, पण तेवढ्यात आपला पुढचा माणूस एक ठेसन पुढं सरकतो. म्हणजे जाणूनबुजून आऊट व्हायचं, दुसऱ्यासाठी. तुला ते इतकं आवडलं की विचारू नको. कोणी वणीला पोहोचलं की तू लगेच बंट. कोणी यवतमाळला पोहोचलं की बंट. मी चिडायची. आपला चांगला चालणारा माणूस कायले मारतो? तू म्हणायचास, मरत नाही, फक्त बाजूला बसतो. मी म्हणायची, त्याची सरासरी पडते. तू म्हणायचास, बंटवर नाही पडत, पाह्य. मी कधीच पाहिलं नाही. आकडे तुझं खातं होतं. तुझं ते निळं रजिस्टर, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं मॅच झाली की पेन्सिलीनं सुधारलेले आकडे. माझं खातं ओरडण्याचं होतं. इतक्या वर्षांत मी एकदाही बंटचा हुकूम दिला नाही, हे तूही सगळ्यांना सांगायचास.

डबा आल्यावर दोन वर्षांनी तू बारावी झालास आणि मी दहावी. बाबांच्या पाठीला लागलं तोही तोच पावसाळा. ते सहा महिने खाटेवर होते. तू सांगितलंस की नागपूरच्या कॉलेजच्या यादीत तुझं नाव लागलं नाही. बाबा भिंतीकडं तोंड करून झोपले. तू पंधरा दिवसांत वजनकाट्यावर चिकटलास, ट्रक मोजायला. मी यवतमाळला गेले, अकरावी, बारावी, मग डी.एड. एसटी स्टँडवर मला सोडायला तूच आलास. लोखंडी पेटी टपावर चढवलीस आणि खिडकीतून म्हणालास, यवतमाळ ठेसन, दुसरं, तिथून घरी यायला दोनच बाकी. मी हसले. किती मूर्ख होते मी दादा, मी हसले.

अकरा वर्षं मला कळलं नाही. वणीला एका लग्नात तुझ्या वर्गातला एक माणूस भेटला. जेवता जेवता सहज म्हणाला, मिलिंद आमच्यासोबत नागपूरले राह्यला असता तर आज कुठं असता, यादीत चौथं नाव होतं त्याचं. त्याला वाटलं मला माहीत आहे. पानावरची जिलेबी तशीच राहिली. मी तिथून थेट राजूरला आले. तू अंगणात सायकलची चेन घासत बसला होतास.

"मले काहून नाही सांगितलं?"

तू चेन खाली ठेवली नाहीस. म्हणालास, "सांगितलं असतं तर तू गेली असती काय?"

मी काय बोलले ते तुला माहीत आहे, आणि मला वाटतं मायलाही माहीत आहे, ती दारात होती. मी म्हणाले की तुह्या उपकाराचं हे ओझं मी मागितलं नव्हतं, मी तुझ्या मॅचमधला ठिपका नाही की तू मला ढकलशील. म्हणाले, मले विचारलं होतं काय? तू नुसतं म्हणालास, माह्यं काही कमी नाही झालं. ते ऐकून तर माझं डोकंच फिरलं. ज्याला आकड्यांचं एवढं वेड, जो हातानं लांबलचक भागाकार करून सरासरी काढायचा, तो रोज कोळशाचे ट्रक मोजतो आणि म्हणतो काही कमी नाही झालं. मी चहा न पिता निघाले. बाभुळगावला माझी नोकरी लागली होती. सात महिने मी तुझ्याशी बोलले नाही.

त्या सात महिन्यांत मी रोज एक वाक्य तयार करायची आणि रोज ते मोडायचं. तुझे आभार मानायचे तर राग आडवा यायचा. रागवायचं तर माझा महिन्याचा पगार, माझी खोली, माझ्या वर्गातली पोरं, हे सगळं डोळ्यापुढं यायचं आणि हे सगळं तुझ्या त्या एका खोट्यावर उभं आहे हे आठवायचं. मग एका रविवारी तुझा फोन आला. कशी आहेस नाही, जेवली काय नाही. म्हणालास, "तेरावा डाव आहे. बरोबरी. बाबा थकले. काय करू?"

मी म्हणाले, बाबाले बसव, वहिनीले चेंडू टाकू दे. तू म्हणालास, बरं. तेवढंच. त्यानंतर आपण कधीच त्या विषयावर बोललो नाही. मला वाटलं वेळ आहे. नऊ डाव झाले तरी खेळ संपत नाही हे आपण शिकलो होतो ना, तोच गैरसमज मला नडला.

बाबा गेले तेव्हा मी म्हणाले होते की त्यांचं नाव आता संघातून काढ, पडद्यावर पाहवत नाही. तू ऐकलं नाहीस. म्हणालास, चेंडू टाकतात तोवर टाकू दे. तेव्हापासून बाबा दर मॅचला सात डाव चेंडू टाकतात आणि आठव्यात थकतात, खाणीतून येऊन जसे ओसरीवर टेकायचे तसे. मला सुरुवातीला भीती वाटायची. नंतर मीच आधी बाबांचा आकडा पाहायला लागले.

तू त्या डब्याचा तीनदा पॉवर सप्लाय बदललास. वणीतलं जुन्या सामानाचं एकही दुकान सोडलं नाहीस. मी तुला माझ्या मोबाइलवर नवा बेसबॉलचा खेळ दाखवला होता, खेळाडूंच्या कपाळावरचा घाम दिसतो असा. तू पाचेक मिनिटं पाहिलास आणि फोन परत दिलास. म्हणालास, यात आपण कुठं आहोत? एकदा खरी मॅच पण दाखवली, अमेरिकेतली. तू चष्मा लावून दहा मिनिटं पाहिली आणि म्हणालास, हे लोक चुकीचं खेळून राह्यले, कोणी बंटच करत नाही. मी एवढी हसले की वहिनी पाहायला आली.

मग तुझं ते खोकणं. दवाखाने झाले, नागपूरही झालं. तू पहिल्यांदा नागपूरला मुक्कामाला राहिलास तो फुप्फुसाच्या वॉर्डात. खिडकीतून एक कॉलेज दिसायचं. ते तुझं कॉलेज नव्हतं, मी विचारून आले होते, तरी मी तो पडदा ओढून घ्यायची आणि तू तो पुन्हा सरकवायचास. घरी आणलं तेव्हा ऑक्सिजनचं मशीन सोबत आलं. ते आणि कंप्युटर एकाच बोर्डावर लागायचे. मी दर रविवारी बाभुळगावहून पहिली गाडी पकडून यायची. तुला बोलायला त्रास व्हायचा म्हणून तू बोटांनी हुकूम द्यायला लागलास. एक बोट म्हणजे मार. बोट खाली वाकवलं म्हणजे बंट. तुझी बोटं किती बारीक झाली होती.

तो शेवटचा रविवार. मॅच लांबली, दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, कोणी घरी येईना. चौदाव्या डावात त्यांची बॅटिंग रिकामी गेली, मग आपली. पहिलीच मी. तू एक बोट केलंस, मी मार दाबलं, टक्क झालं, आणि माझा ठिपका पळत सुटला. वणी मागं टाकून थेट यवतमाळला. तू मान डोलावलीस. पुढचा बॅटर तू.

तू बोट खाली वाकवलंस.

मी म्हणाले, नाही. मार. एवढ्या वर्षांत एकदा तरी स्वतःसाठी मार. माझा आवाज चढला होता. तुला कळलं मी कशाबद्दल बोलते आहे. मला वाटतं कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मास्क बाजूला केलास, काही तरी म्हणणार होतास. तेवढ्यात लाइन गेली. ज्या गावच्या कोळशानं कुठंकुठं दिवे लागतात तिथं भर दुपारी पंखे बंद. इन्व्हर्टर तुझ्या मशीनला पुरायला हवा म्हणून आपला नियम होता, लाइन गेली की खेळ सेव्ह करून डबा बंद. तू मशीनकडं बोट केलंस. मी सेव्ह केलं. तू मास्क पुन्हा लावलास आणि त्यातूनच म्हणालास, "पुढच्या रविवारी सांगजो, काय करायचं ते."

मी म्हणाले, आत्ताच सांगते, मार. तू हसलास, डोळ्यांनी. मी निघाले, गाडी होती साडेतीनची. वळून पाहिलं नाही.

गुरुवारी तू गेलास. मी चौथीच्या वर्गात होते, फळ्यावर भागाकार लिहीत होते. वहिनीचा फोन आला. पोरं म्हणाली, बाई, बाकी राहिली, बाकी लिहा ना. मी खडू तिथंच ठेवला.

हे सगळं लिहायला सकाळ गेली. मधे वहिनी येऊन चहा ठेवून गेली. तिनं डब्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ताई, यांचं नाव काढू नका त्यातून. मी म्हटलं, नाही काढत. ती म्हणाली, मले अजून उजवीकडंच उभी ठेवलं आहे ना? मी हो म्हटलं. मग ती तिथंच दाराला टेकून रडली, आणि मी तिचा हात धरून बसले. वहिनीला येतं रडू. मला तिचा हेवा वाटला.

जेवणानंतर माय आली. तुझ्या खाटेच्या कडेला बसली, जिथं ती तुझ्या आजाराच्या सगळ्या महिन्यांत बसायची. हातात तेच ओलं फडकं. टेबल पुसलं, कीबोर्ड पुसला, या वेळी जपून. मी काय लिहिते विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, मॅच राह्यली म्हणे तुमची. मी म्हटलं, राह्यली. मग मी तिला सगळं सांगितलं. तू कुठं उभा आहेस, मी कुठं आहे, बटण दाबलं की काय होईल, नाही दाबलं की काय होईल. मायला ठेसनं कळतात, बाकी काही नाही. तिनं ऐकून घेतलं.

"खेळ वं बाई," ती म्हणाली. "किती दिवस उभं ठेवशीन त्याले?"

मी डबा सुरू केला. तो कण्हला, खूप वेळ कण्हला, मला वाटलं झालं आता. मग ते हिरवं मैदान आलं. चौदावा डाव, बरोबरी, दुसऱ्या ठेसनावर मी, बॅट घेऊन तू. नाव तुझं, इंग्रजी अक्षरांत. ठिपका लुकलुकत होता.

मार म्हणायचं मी ठरवलं होतं, दादा. रविवारपासून नाही, त्या लग्नातल्या जिलेबीपासून ठरवलं होतं. पण बोट मारावर नेलं आणि तुझं वाकलेलं बोट दिसलं. तुला जे हवं होतं ते मी एकदाही होऊ दिलं नाही, निदान माझ्या हातानं तरी नाही. मी यादीत खाली गेले. पहिल्यांदा. बंट.

तीन टिंबं उमटली. टक्क असा आवाज आला, हलका. तू आऊट. तुझा ठिपका मैदानातून चालत बाहेर गेला, घाई न करता, आणि पडद्याच्या कडेला नाहीसा झाला. मी तिसऱ्या ठेसनावर. नागपूरला. तुझ्या नागपूरला मी पोहोचले होते आणि तू बाहेर.

पुढची बॅटर माय. मी मायला म्हटलं, तूच दाब. कोणतं? हे, मोठं. तिनं फडकं मांडीवर ठेवलं, बोट पदराला पुसलं आणि दाबलं. चेंडू उंच गेला, खूप लांब, आणि तिकडं कोणी तरी झेलला. माय पण आऊट. पण झेल झाला की तिसऱ्या ठेसनावरच्याला पळता येतं, हा नियम तूच शोधला होतास. माझा ठिपका पळाला. खरखर सुरू झाली. तुम्ही दोघं आऊट, आणि मी एकटी घरी आले. मॅच संपली.

माय पडद्याकडं पाहत होती. तिनं विचारलं, जसं ती नेहमी विचारायची, "कोण आलं घरी?"

"मी, माय."

"अन् मिल्या?"

दादा, तेव्हा आलं मला रडू. मंडपात आलं नाही, स्मशानात आलं नाही, ते तिथं आलं, मायच्या मांडीवर, त्या ओल्या फडक्यात तोंड घालून. माय नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. तिलाही कळलं असावं आपण काय विचारलं ते.

बऱ्याच वेळानं मी तोंड धुऊन आले. पडद्यावर मॅचचा तक्ता आला होता. मी तुझं निळं रजिस्टर काढलं, पुढचे आकडे लिहायला कोणी तरी हवं ना. तुझ्या नावापुढं तुझ्या पेन्सिलीतली सरासरी होती. ही मॅच मांडून मी भागाकार केला, दोनदा केला, मग पडद्यावरचा आकडा पाहिला. तू बरोबर होतास. आधी मारलेलं सगळं त्यात मोजलं होतं. ते शेवटचं आऊट होणं कुठंच मोजलं नव्हतं. बंटवर सरासरी पडत नाही. इतकी वर्षं तू पाह्य म्हणत होतास आणि मी पाहिलं नाही.

मी तुझ्या पेन्सिलीनं तो आकडा लिहिला. अक्षर वाकडं आलं आहे, रागावू नको.

पण ऐक. खेळात नसेल पडत. तिथं तू म्हणशील ते खरं. इथं मी चाळीस पोरांना शिकवते, माझ्या नावाची पाटी आहे वर्गावर, आणि तू वॉर्डाच्या खिडकीतून दुसऱ्याचं कॉलेज पाहत होतास. मी पडदा ओढायची ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्याच्यानं पाहवत नव्हतं म्हणून होतं. तुह्यं कमी झालं होतं, दादा. लय कमी झालं होतं. ते सगळं माह्याकडं आलं आणि मी तुले एकदाही म्हटलं नाही की मी घरी पोचली, तुह्यामुळं पोचली.

आता म्हणते. आता तू म्हण, माह्यं काही कमी नाही झालं. म्हण एकदा. भांड माह्याशी.